बायबल उघडायची भीती वाटते

मालवण तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. वय 43, कॅथलिक कुटुंब. मिस्टर भागीदारीत मासेमारी करतात, ताई घरालगतच्या चार खोल्यांत होमस्टे चालवतात. रोज पहाटे मोबाइलवर येणारं 'आजचं वचन' आणि त्याखालचं इंग्रजी मनन वाचायचा त्यांचा बऱ्याच वर्षांचा नेम. शिवाय प्रार्थना गटाने वर्षभरात संपूर्ण बायबल वाचायचं ठरवलंय. त्यात त्या लेवीयच्या पुस्तकाशी अडकल्या आहेत आणि बाकीच्यांचं 'झालं, झालं' वाचून ओशाळतात.

बारावी झालेल्या मुलाला जहाजावर जायचंय, त्यासाठी जी.पी. रेटिंगचा, म्हणजे खलाशी होण्याचा, कोर्स करायचाय. एका रात्री ताईंनी 'प्रभू, आता तूच सांग' म्हणून डोळे मिटून बायबल उघडलं आणि बोट ठेवलं. निघालं ते 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकातलं वादळाचं वर्णन: पुष्कळ दिवस सूर्य दिसेना, तारे दिसेनात, वाचण्याची आशाच उरली नाही. सकाळी त्यांनी मुलाला 'नाही' सांगितलं, कारणही सांगितलं. मुलगा म्हणाला, "मम्मी, तू बायबल वाचतंस की कौल लावतंस?" तेव्हापासून मायलेकांत अबोला आहे आणि बायबल कपाटात.

ताई विचारतात: 'वाचलं नाही तर देव रागावेल का? वाचलं तर पुन्हा काही वाईट निघेल का? सासूबाईंना अक्षरओळख नाही, त्या नुसती तेर्स (जपमाळेची प्रार्थना) करतात, तरी माझ्यापेक्षा शांत आहेत. माझ्या विश्वासातच काही खोट आहे का?' पत्राच्या मध्यावर, गटाबद्दल लिहिताना, एक वाक्य येऊन जातं: 'माझा मोठा भाऊ होडी घेऊन गेला तो परत आला नाही, पण ते आता जुनं झालं.'

ताई,

देव रागावेल का, हे आधी उरकून टाकू, कारण त्याला फार शब्द लागत नाहीत. नाही रागावणार. बायबलमध्ये देवाशी भांडणारी माणसं आहेत, त्याला टाळणारी आहेत, त्याच्यापासून पळून जहाजाच्या तळाशी जाऊन झोपलेला योना आहे. यांतल्या कुणालाही देवाने 'आजचा अध्याय राहिला' म्हणून धरलेलं नाही. पुस्तकं हाताने लिहिली जायची त्या शेकडो वर्षांत बहुतेक ख्रिस्ती घरांत बायबल नव्हतंच, आणि तरी विश्वास आईकडून लेकीकडे येत राहिला.

आता त्या रात्रीकडे येते.

तुमचं बोट पडलं ते 27व्या अध्यायातल्या विसाव्या वचनावर. तिथेच तुम्ही पुस्तक मिटलंत. माझी पहिली विनंती एवढीच की तो अध्याय पुन्हा काढा आणि पहिल्या ओळीपासून वाचा. सगळी मिळून 44 वचनं आहेत, दहा मिनिटांत होतील.

प्रेषित पौल कैदी आहे, त्याला रोमला नेताहेत. जहाज अलेक्झांड्रियाचं, पोटात गहू. क्रीटच्या एका बंदरात ते थांबलेत आणि उपासाचा सण होऊन गेलाय, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबर उलटत चाललाय, भूमध्य समुद्र आता बिघडणार. पौल म्हणतो, आता निघालात तर जहाज, माल आणि जीव, सगळंच धोक्यात येईल. पण तांडेल आणि जहाजाचा मालक म्हणतात निघू या. हे बंदर हिवाळा काढायला बरं नाही, थोडं पुढे दुसरं आहे. कैद्यांवरचा रोमन अधिकारी त्यांचं ऐकतो. दक्षिणेचा मंद वारा सुटतो, सगळ्यांना वाटतं जमलं. आणि मग वादळ येतं.

यातला पौलाचा सल्ला नीट बघा. 'समुद्रावर जाऊ नका' असं तो कुठेच म्हणत नाही. 'या दिवसांत जाऊ नका' म्हणतो. तुमच्या घरात हे कुणाला समजावून सांगायला नको. 1 जून ते 31 जुलै होड्या वर ओढलेल्या असतात, म्हणून कुणी 'देवाने मासेमारी बंद केली' असं म्हणत नाही.

पुढे वाचा. चौदाव्या रात्री खलाशांना जमीन जवळ आल्याचा सुगावा लागतो. ते बुडीद टाकून खोली मोजतात. वीस वाव भरते, थोडं पुढे गेल्यावर पंधरा. खडकावर आपटू नये म्हणून नाळेकडून नव्हे, मागून, वऱ्हामाकडून चार नांगर सोडतात आणि उजाडायची वाट बघत बसतात. काही खलाशी नांगर टाकायच्या मिषाने छोटी होडी उतरवून पळायला बघतात. पहाटे पौल सगळ्यांना म्हणतो, चौदा दिवस तुम्ही धड जेवला नाहीत, काहीतरी खा. भाकर घेतो, देवाचे आभार मानतो, मोडतो आणि स्वतः खायला लागतो. जहाजावर 276 माणसं होती. जहाज फुटलं, गहू गेला, पण पोहत, फळ्यांना धरून, 276च्या 276 किनाऱ्याला लागली.

म्हणजे तुमचं बोट चोवीस वचनं खाली पडलं असतं तर तुम्ही सकाळी मुलाला पेढा दिला असता. एकाच अध्यायातून 'पाठव' आणि 'पाठवू नको' अशी दोन्ही उत्तरं निघत असतील, तर उत्तर अध्यायाने दिलं नाही हे उघड आहे.

हा अध्याय एकटीने वाचू नका. मिस्टरांना मोठ्याने वाचून दाखवा. ते बायबल वाचणाऱ्यांतले नसतीलही (पत्रात तुम्ही त्यांच्या विश्वासाबद्दल काहीच लिहिलेलं नाही, आणि मी विचारतही नाही), पण नांगर मागून का सोडले असतील यावर त्यांचं काहीतरी मत नक्की असेल. वाव म्हणजे काय हे बायबलचे बरेच वाचक शब्दकोशात बघतात. तुमच्या घरात तो माणूस दोन्ही हात पसरून दाखवील. ही तुमच्याकडची श्रीमंती आहे. मोबाइलवरचं इंग्रजी मनन लिहिणाऱ्याला ती ठाऊक नाही.

मुलाचं बोलणं तुम्हाला लागलं, ते साहजिक आहे. पण त्यातला राग गाळून टाकला की जे उरतं ते ऐकण्यासारखं आहे. मी कौलाची चेष्टा करत नाही. आपल्या आजूबाजूच्या गावांत ती श्रद्धेची गोष्ट आहे, आणि तिला एक रीत आहे. देवळात जावं लागतं, गाऱ्हाणं मांडावं लागतं, मानकरी असतात, चार माणसं साक्षीला असतात. तुम्ही काय केलंत? दिवसभर पाहुण्यांचं करून दमलेल्या, रात्री एकट्या, मनात भीती दाटलेली असताना एका ओळीवर बोट ठेवलंत आणि सकाळी निकाल जाहीर केलात. कौलात जी गावाची सोबत असते तीसुद्धा त्यात नव्हती.

तुम्ही म्हणाल, संतांनीही असं केलंच की. केलंय. सन 386 मध्ये मिलानच्या एका बागेत रडत बसलेल्या ऑगस्टीनला लहान मुलाचा आवाज आला, 'उचल, वाच'. त्याने पौलाची पत्रं उघडली, पहिली दिसली ती ओळ वाचली आणि त्याचं आयुष्य पालटलं. प्रवचनांत ही गोष्ट इथवरच सांगतात. पण ती पत्रं तो आधीपासूनच वाचत होता. बिशप अँब्रोझची प्रवचनं ऐकत होता, मित्रांशी वाद घालत होता, आणि मागे मोनिकाची, त्याच्या आईची, अनेक वर्षांची प्रार्थना होती. त्या ओळीने नवीन काही सांगितलं नाही. जे टाळत होता त्याच्यासमोर त्याला उभं केलं. हाच ऑगस्टीन पुढे बिशप झाल्यावर एका पत्रात लिहितो की शुभवर्तमानाच्या (येशूच्या चरित्राच्या) पानांतून चिठ्ठ्या काढल्यासारखं करणारे लोक भुताखेतांकडे जाण्यापेक्षा बरे, पण देवाचं वचन असं संसारी कामांच्या निर्णयांसाठी वापरणं मला आवडत नाही. 506 साली आजच्या फ्रान्समधल्या आग्द इथे धर्मसभा भरली, तिने तर या प्रकाराला बंदीच घातली. म्हणजे हा मोह जुना आहे, ताई. तुम्ही पहिल्या नव्हेत.

पण खरं सांगायचं तर तुमचं पत्र वाचताना मी त्या वचनापाशी थांबले नाही. मी थांबले भावाच्या वाक्यापाशी. दोन पानांच्या पत्रात त्याला एक वाक्य, तेही 'जुनं झालं' म्हणून मिटवलेलं. ते खरंच जुनं झालं असतं तर वादळाचं वर्णन वाचून तुम्ही एवढ्या हलल्या असता का? समुद्रात गेलेल्या माणसाची कबर नसते. 2 नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, बाकीचे सिमेंटरीत मेणबत्त्या लावतात, तेव्हा तुम्ही कुठे लावता? मला वाटतं, मुलाला पाठवायचं नाही हे तुमच्या मनाने आधीच ठरवलं होतं, आणि कारणही लहानसहान नव्हतं. पण 'मला भीती वाटते' असं मुलाला सांगणं कठीण, 'देव नको म्हणतो' हे सांगणं सोपं. त्यावर मुलाला बोलताच येत नाही. तो चिडला तो याच्यावर.

यात लबाडी होती असं मी म्हणत नाही. भीती अशीच वागते. स्वतःचं नाव सांगत नाही, दुसऱ्याच्या नावाने बोलते. आध्यात्मिक वाचनाचा उपयोग कुठे असेल तर तो इथे आहे: मनात आधीच जे बसलंय ते ओळखता यावं यासाठी.

जेझुइट संघ स्थापणाऱ्या संत इग्नेशियस लोयोलाची गोष्ट तुम्ही चर्चमध्ये ऐकली असेल. 1521 मध्ये पांप्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने त्याचा पाय मोडला. अंथरुणात पडल्यापडल्या त्याला शूर सरदारांच्या प्रेमकथा वाचायच्या होत्या, पण घरात सापडलं ते ख्रिस्ताचं चरित्र आणि संतांच्या गोष्टी. नाइलाजाने वाचू लागला. मधल्या वेळात तो दोन्ही प्रकारची स्वप्नं रंगवायचा, सरदारकीचीही आणि संतांसारखं जगायचीही. हळूहळू त्याच्या लक्षात आलं की रंगवताना दोन्ही गोड लागतात, पण नंतर पहिल्याने मन कोरडं पडतं आणि दुसऱ्याने भरून राहतं. त्याने वचनावर बोट ठेवलं नव्हतं. वाचून झाल्यावर मनाचं काय होतं, तेवढं बघत राहिला. त्याच अनुभवातून त्याने पुढे एक नियम लिहिला, तो तुमच्यासाठी मी अधोरेखित करते: मन खचलेलं, अंधारलेलं असताना आधी केलेला निश्चय बदलायचा नाही. त्या रात्रीआधी तुमच्या घरात काय ठरलं होतं? पत्रात तुम्हीच लिहिलंय की मिस्टरांची हरकत नव्हती आणि तुम्हीही 'बघू' म्हणाला होतात. मग अजूनही 'बघू' हेच ठरलेलं आहे असं समजा. त्या रात्रीचा 'नाही' मोजू नका. उद्या शांत डोक्याने 'नाही' म्हणालात तर तो तुमचा हक्क आहे, पण मग तो तुमच्या नावाने म्हणा.

आता, वाचायचं कसं.

वर्षभराची योजना तूर्त सोडा. आदल्या वर्षीच्या गाइडसारखं बायबल 'पूर्ण करायचं' असतं ही कल्पना कुठून आली कोण जाणे. ज्यांना जमतं त्यांना जमू दे. लेवीयमधली अर्पणांची आणि महारोगाची प्रकरणं नुसती पुढे रेटून कुणाचा विश्वास वाढल्याचं माझ्या पाहण्यात नाही. चर्चकडे आधीच एक योजना आहे आणि ती सुज्ञ आहे: रविवारच्या मिस्सेची, म्हणजे चर्चमधल्या उपासनेची, वाचनं तीन वर्षांच्या चक्रात फिरतात, एक वर्ष मत्तय, एक मार्क, एक लूक. रविवारी जे शुभवर्तमान ऐकाल तेच आठवडाभर ठेवा. सोमवारी वाचा, बुधवारी पुन्हा वाचा. तिसऱ्यांदा वाचताना ज्या शब्दाशी अडखळाल तिथे थांबा. बाराव्या शतकात ग्विगो नावाच्या एका कार्थुशियन मठप्रमुखाने याच्या चार पायऱ्या सांगितल्या: वाचन, मनन, प्रार्थना आणि मग नुसतं देवापाशी असणं. मोबाइलवरच्या सदरात पहिल्या तिन्ही पायऱ्या कुणीतरी दुसराच तुमच्या वतीने चढून ठेवतो, आणि तुम्हाला हातात मिळतो तो त्याचा निष्कर्ष. म्हणून रोज वाचूनही 'काही वाढत नाही' असं तुम्हाला वाटतं. ती सदरं वाईट नसतात. प्रवासात, दवाखान्याच्या रांगेत त्यांचा आधारही होतो. फक्त सगळं जेवण त्यांच्यावर भागवू नका. आणि 'आजचं वचन' दाखवणारी ती पहाटेची टिंग बंद करा. गोड वचन आलं की दिवस चांगला आणि कडक आलं की वाईट, हा खेळ तिथूनच सुरू झालाय.

पहाटेचा हट्टही सोडा. पाहुण्यांना आठला चहा-घावणे लागतात, तुम्ही पाचला उठून एका डोळ्याने वाचता आणि दुसऱ्याने तवा बघता. अकराच्या सुमारास खोल्या रिकाम्या झाल्या, चादरी दोरीवर गेल्या की दहा मिनिटं मिळतात ना? ती पुरेत. 'सकाळचंच खरं' असं शुभवर्तमानात कुठे नाही. येशू पहाटे उठून एकांतात गेला हे मार्क सांगतो, तसा तो रात्रभर डोंगरावर राहिला हे लूकही सांगतो.

इंग्रजीऐवजी मराठीत वाचा, किंवा घरात बोलता त्या भाषेत. जुन्या भाषांतरातली मराठी जड वाटत असेल तर वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं 'सुबोध बायबल' बघा. मोठ्याने वाचा. स्वतःचा आवाज कानावर पडला की घाई आपोआप कमी होते.

सुरुवातीला रविवारच्या वाचनाच्या जोडीला स्तोत्र 107 घ्या, वचन 23 ते 30. किनाऱ्यावर राहणाऱ्या कुणालाही ते परकं वाटायचं नाही. जहाजांतून समुद्रावर जाणारी, महासागरावर कामधंदा करणारी माणसं. लाट त्यांना आकाशाला नेते, खोल खाली आणते, ती दारुड्यासारखी झोकांड्या खातात, अक्कल गुंग होते. मग ती देवाला हाक मारतात. तो वादळ शमवतो आणि त्यांना हव्या त्या बंदराला पोचवतो.

इथे तुम्ही अडखळणार, हे मला ठाऊक आहे. कारण तुमचा भाऊ बंदराला पोचला नाही. त्यानेही हाक मारली असेल. तुम्ही सगळ्यांनी मारली असेल. तिथे पान उलटू नका. 'हे आमच्या बाबतीत खरं झालं नाही' असं त्या वचनालाच सांगा, मोठ्याने, राग आला तर रागाने. अपमान होईल म्हणून घाबरू नका. 150 स्तोत्रांपैकी कितीतरी याच सुरातली आहेत. तेरावं उघडा: 'परमेश्वरा, किती वेळ?' 88वं तर अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाची ओळ नाही, आणि तरी ते प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवलंय. कुणीतरी विचार करून ठेवलंय. त्यानंतर त्या दिवशी आणखी काही वाचू नका.

एक वही ठेवा. 'आज मी काय शिकले' असलं शाळकरी काही लिहू नका. कुठे अडले, तेवढी एक ओळ आणि तारीख पुरे. महिनाभराने मागची पानं चाळाल तेव्हा त्याच त्याच जागा दिसू लागतील, आणि फादरांशी बोलायला बसलात तर हातात काहीतरी असेल. भावाच्या नावाने मिस्सा सांगा. पूर्वी सांगितली असेल तरी पुन्हा सांगा, आणि या वेळी मुलाला सोबत न्या. मामाबद्दल त्याला कितपत माहीत आहे, मला शंकाच आहे.

वाचताना काहीच वाटलं नाही तर? पत्रात तुम्ही हे दोनदा विचारलंय. बहुतेक दिवशी काही वाटत नाही, मोठमोठ्यांनाही नाही. मदर तेरेसांची खासगी पत्रं 2007 मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा जगाला कळलं की त्यांनी कित्येक दशकं देव जवळ असल्याचा काही अनुभव नसताना काम केलं. तेव्हा कोरडेपणावरून विश्वासाची परीक्षा करू नका.

झोप लागत नाही, छातीत धडधडतं असंही तुम्ही ओझरतं लिहिलंय. ते आठवड्यांमागून आठवडे चाललं असेल तर त्याला आध्यात्मिक नाव देऊन बसू नका. डॉक्टरांना दाखवा, किंवा टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेच्या 14416 या सरकारी क्रमांकावर फोन करून मराठीत बोला. प्रार्थनेशी त्याचं वैर नाही. झुडपाखाली मरण मागणाऱ्या एलीयाला देवाने आधी झोपू दिलं, दोनदा जेवू घातलं, आणि बोलणं त्यानंतर केलं. बायबलमधल्या '1 राजे' या पुस्तकाच्या 19व्या अध्यायात आहे.

सासूबाईंचं कोडं तर मला कोडंच वाटत नाही. त्यांना वाचता येत नाही, पण तेर्समध्ये त्या काय करतात? देवदूताचा निरोप, बेथलेहेम, गेथशेमाने, क्रूस, पुनरुत्थान, हीच शुभवर्तमानाची पानं जपमाळेवर रोज उलटतात. पूर्वी 15 रहस्यं होती, पोप जॉन पॉल दुसरे यांनी 2002 मध्ये प्रकाशाची पाच जोडली. तेच ते प्रसंग वर्षानुवर्षं, सावकाश, शेजारी कुणीतरी बसलेलं. तुम्ही एकटीने रोज नवीन वचन घेता आणि दुपारपर्यंत विसरता. आपल्याकडे तर हा प्रघात जुना आहे. फादर स्टीफन्स यांचं 'क्रिस्तपुराण' 1616 साली सासष्टीत छापलं गेलं, ते ओव्यांत आहे, आणि ते चर्चमध्ये जमून ऐकलं जायचं. ऐकणाऱ्यांतल्या फार थोड्यांना अक्षर येत असेल. तेव्हा संध्याकाळी सासूबाईंच्या शेजारी बसा, आणि तेर्सआधी रविवारचं शुभवर्तमान त्यांना वाचून दाखवा. त्या काय बोलतात ते ऐका. प्रॉटेस्टंट घरांत जी कौटुंबिक उपासना असते तिच्यातही हीच युक्ती आहे: एक वाचतो, बाकीचे ऐकतात, आणि वाचणाऱ्याला आपल्या सोयीचं तेवढंच ऐकू येण्याची सोय राहत नाही.

आता मुलगा. त्याच्याशी बोलायला बायबल घेऊन बसू नका, चहा घेऊन बसा. 'त्या रात्री मला मामा आठवला' एवढ्यावर सुरुवात करा. तो काय म्हणेल ते मी सांगू शकत नाही. पण त्यानंतर दोघांनी मिळून जी चौकशी करायची ती सांगू शकते, कारण तुमच्या भीतीला खरं उत्तर त्या चौकशीत आहे. ज्या संस्थेत कोर्स करायचाय तिला डीजी शिपिंगची (जहाज वाहतुकीच्या सरकारी महासंचालनालयाची) मान्यता आहे का, हे त्यांच्या यादीत स्वतः बघा, माहितीपत्रकावर विश्वास ठेवू नका. नोकरी लावून देणाऱ्या कंपनीकडे आरपीएसएल, म्हणजे खलाशांच्या भरतीचा सरकारी परवाना हवा, आणि नोकरी लावण्यासाठी खलाशाकडून पैसे घ्यायला नियमाने मनाई आहे. 'जहाजावर चढवतो, एवढे लाख द्या' म्हणणारा एजंट कितीही ओळखीचा असो, तिथून उठा. किनारपट्टीवरची बरीच मुलं वादळात नाही, या दलालांत बुडतात. जहाजावर असलेल्या नाहीतर नुकत्याच परतलेल्या कुणाला तरी घरी जेवायला बोलवा, तुमच्या पट्ट्यात असा एखादा नक्की मिळेल, आणि मनातले सगळे प्रश्न त्याला विचारा. किती महिने घराबाहेर, वादळात काय करतात, घरी फोन लागतो का. पौलाने तरी काय केलं होतं? ऋतू बघितला, समुद्र बघितला, आणि मग बोलला.

प्रार्थना गटाचं राहिलं. तिथे उद्याच सांगून टाका की मी वर्षाच्या योजनेतून बाहेर पडते, रविवारचं शुभवर्तमान आठवडाभर वाचणार आहे, कुणाला सोबत यायचं असेल तर या. लेवीयपाशी तुम्ही एकट्याच अडकल्या आहात, असं मला मुळीच वाटत नाही.